बिब्ब्याचा थेंब घरच्या घरी नको

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थंडी पडू लागली की पुरवण्यांमधून डिंकाच्या लाडवांच्या कृती छापून येतात. साहित्याच्या यादीत खारीक, खोबरे, खसखस यांच्या शेजारी ‘गोडंबी’ हा शब्द असतो. त्याच दिवसांत फोनवर दुसरा मजकूर फिरू लागतो: बिब्ब्याचा एक थेंब दुधात घ्या, जुना खोकला जाईल, गुडघ्यावर बिब्ब्याची फुली मारा, दुखणे थांबेल. गोडंबी आणि तो थेंब एकाच फळातून निघतात. एक खाण्याचा पदार्थ आहे, दुसरा कातडी भाजणारा. ‘बिब्बा पौष्टिक असतो’ या एका वाक्यात दोन्ही एकत्र बांधले जातात, म्हणून हे पत्र.

बिब्बा मधोमध चिरून पाहिला तर सगळा उलगडा होतो (चिरताना हातमोजे हवेतच). झाडावर असताना या फळाचे दोन भाग दिसतात. वरचा नारिंगी, मांसल भाग म्हणजे फुगलेला देठ. वाळवून विकतात ती ‘बिब्ब्याची फुले’ हीच. त्याच्या टोकाला काळा, गुळगुळीत, जेमतेम इंचभर लांबीचा, हृदयाच्या आकाराचा बिब्बा चिकटलेला असतो. काजूची बी बोंडाला लटकते तसाच प्रकार, आणि त्यात नवल नाही, कारण बिब्बा, काजू आणि आंबा ही एकाच कुळातली झाडे. बिब्ब्याच्या टरफलाला दोन थर असतात आणि त्या दोन थरांमध्ये मधाच्या पोळ्यासारखी बारीक घरे असतात. तेल असते ते या घरांत. ताजे असताना ते फिकट, दुधाळ दिसते आणि हवा लागली की काळे पडते. टरफलाच्या आत, या तेलापासून वेगळी, पांढरट गोडंबी असते. म्हणजे खाण्याचा गर आणि जाळणारे तेल यांच्यात फक्त टरफलाच्या आतल्या थराची भिंत. बिब्बा फोडताना ती भिंत कशी फुटते, यावर गोडंबी खाण्याजोगी राहते की नाही हे ठरते.

या तेलातल्या मुख्य द्रव्यांना भिलावनॉल म्हणतात. अमेरिकेत ‘पॉयझन आयव्ही’ नावाच्या वेलीमुळे ज्या द्रव्याने लोकांच्या अंगावर फोड येतात, त्याची ही सख्खी भावंडे. तेल कातडीत मुरते, तिथल्या प्रथिनांना चिकटते आणि शरीराची संरक्षणव्यवस्था त्या प्रथिनांनाच परके समजून त्यांच्यावर तुटून पडते. या सगळ्याला वेळ लागतो. आयुष्यात पहिल्यांदा तेल लागले तर पुरळ उठायला आठवडा-दोन आठवडेही जातात. शरीराची एकदा ओळख झाली की पुढच्या वेळी एक-दोन दिवसांतच बिब्बा उततो. लोक फसतात ते इथे. सोमवारी लावले, मंगळवारपर्यंत काही झाले नाही, म्हणून ‘आपल्याला बिब्बा सोसतो’ असे ठरवून बुधवारी दुसरा हात फिरवला जातो. शनिवारी अंग सुजते तेव्हा दोष खाण्यातल्या कशाला तरी दिला जातो. तेल दाट असेल तर ही वाट पाहावीच लागत नाही. ते सरळ रासायनिक भाजणे असते: लावलेली जागा काळी पडते, भोवती लाल कडे येते आणि मग फोड.

या तेलाची चिकाटी पूर्वी परटांच्या कामाची होती. बिब्ब्याचे तेल आणि चुना यांनी सुती कापडावर केलेली खूण धुऊन जात नाही. वनस्पतिशास्त्रात या झाडाला सेमेकार्पस म्हणतात, त्याचा अर्थच मुळी ‘खूण करण्याचे फळ’. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या गोऱ्या सैनिकांच्या मानेवर, नेमके सदऱ्याच्या कॉलरवरची खूण टेकते तिथे, खाजरे चट्टे उठले आणि डॉक्टरांनी त्यांचे मूळ परटाच्या खुणेत शोधून काढले. धुऊन, वाळवून, इस्त्री केलेल्या कापडावरचे ते तेल होते. मग बिब्बा ठेचलेला खलबत्ता नुसता विसळून त्यात वेलची कुटली तर काय होईल, याचा अंदाज करावा.

आता तो दुधातला थेंब. रीत अशी सांगतात की बिब्बा सुईला किंवा सळईला टोचावा, दिव्याच्या ज्योतीवर धरावा आणि पाझरणारे तेल खाली धरलेल्या दुधात पडू द्यावे. यात चुका एकावर एक रचलेल्या आहेत. बिब्बा तापला की घरांतले तेल प्रसरण पावते आणि टरफल तडकते. तेल खाली पडेलच असे नाही, ते बाजूला उडते, आणि ज्योतीवर वाकलेला चेहरा तिथेच असतो. थेंबाला माप नसते. ताजा, टपोरा बिब्बा आणि दोन वर्षे बरणीत पडून राहिलेला बिब्बा यांचे थेंब सारखे नसतात. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे हे तेल दुधात विरघळत नाही, त्यावर तवंगासारखे तरंगते. पिणाऱ्याच्या ओठाला पहिला घोट लागतो तो या तवंगाचा. ओठ सुजणे, तोंड येणे, घशाची आग, पुढे गुदद्वाराशी खाज आणि जळजळ, लघवी कमी आणि लालसर होणे ही पुढची मालिका वैद्यांना चांगली ठाऊक आहे. लघवीचे लक्षण कधीच अंगावर काढू नये. या झाडाच्या चिकाशी संबंध आल्यावर मूत्रपिंडाचा बाहेरचा थर मृत झाल्याची नोंद 1979 मध्येच वैद्यकीय नियतकालिकात झालेली आहे.

अंगावर लावण्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. इथे आजीबाईंचा अनुभव अगदीच खोटा नसतो. टाचेत काटा मोडला, कुरूप झाले की टाचेवर बिब्बा टेकवत. टाचेची कातडी अंगावरची सर्वांत जाड. त्यात अनवाणी चालून ती आणखी राठ झालेली. तेल खालच्या जिवंत थरापर्यंत फारसे पोहोचत नसे, वरची राठ कातडी सोलून निघे आणि आराम पडे. हाच उपाय टाचेवरून उचलून गुडघ्यावर, कमरेवर, मानेवर नेला की हिशेब बदलतो. तिथली कातडी पातळ आणि घामाने ओली असते. फुली मारली तिथे फुलीच्याच आकाराचा फोड येतो आणि तो बरा झाल्यावर काळा डाग कित्येक महिने राहतो. दुखणे थांबल्यासारखे वाटते, कारण नव्या आगीपुढे जुने दुखणे जाणवत नाही. लचकलेल्या घोट्यावर बिब्बा लावला आणि सूज वाढली, तर ती मुरगळण्याची की बिब्ब्याची, हे तपासणाऱ्या डॉक्टरलाही कळेनासे होते. मराठीत चालत्या कामात खोडा घालण्याला ‘बिब्बा घालणे’ म्हणतात ते उगाच नाही.

काही ठिकाणी पोट दुखणाऱ्या तान्ह्या बाळाच्या बेंबीभोवतीही बिब्ब्याचे ठिपके देतात. यावर चर्चा करण्यासारखे काही नाही. ते करू नये.

आता कोणी म्हणेल, मग आयुर्वेदात भल्लातकाचा, म्हणजे बिब्ब्याचाच, एवढा गौरव कशाला? गौरव आहेच. चरकसंहितेत रसायनांच्या, म्हणजे शरीराला बळ देणाऱ्या औषधांच्या, प्रकरणात भल्लातकाचे अनेक कल्प (औषध बनवण्याच्या कृती) दिले आहेत. पण त्याच ठिकाणी ही फळे तीक्ष्ण आणि अग्नीसारखी आहेत, विधिपूर्वक वापरली तर अमृतासारखी होतात, असेही म्हटले आहे. लोकांच्या लक्षात अमृत राहिले, विधी गळाला. तो विधी काय होता ते पाहा. ठरावीक महिन्यात पिकलेली, न किडलेली फळे गोळा करायची, ती धान्याच्या राशीत चार महिने पुरून ठेवायची आणि थंडीत वापरायची. दहा बिब्बे ठेचून आठपट पाण्यात उकळायचे, पाणी आठवा हिस्सा उरले की गाळून दुधासोबत घ्यायचे, तेही तोंडाला आतून तूप माखून. रोज एकेक बिब्बा वाढवत तीसपर्यंत जायचे, त्यापुढे नाही, आणि तसेच एकेक कमी करत उतरायचे. आहार दूध-तूप-भाताचा, ऊन आणि शेक वर्ज्य. दहा ते तीस हे आकडे वाचून ‘मग एका थेंबाने काय होणार’ असे म्हणणाऱ्याने एवढेच ध्यानात घ्यावे की भिलावनॉल पाण्यात विरघळत नाही. गाळलेल्या काढ्यात तेलाचा थोडाच अंश उतरतो. दिव्यावर पाझरवलेला थेंब म्हणजे निव्वळ तेल. दोन्हींना ‘बिब्बा’ हेच नाव आहे, एवढेच काय ते साम्य.

शिवाय औषधात घालण्यापूर्वी बिब्ब्याचे शोधन करतात. फळे पाण्यात टाकून बुडतील तेवढीच घेतात, कारण तरंगणारी पोकळ किंवा किडकी असतात. देठाकडची टोपी कापतात. मग विटेच्या खरखरीत चुऱ्याबरोबर जाड गोणपाटाच्या पिशवीत भरून चोळतात. चुरा तेल शोषून काळा आणि ओलसर होतो, तो टाकून नवा घालायचा. चुरा काळा पडेनासा झाला आणि टरफलाची चकाकी गेली की गरम पाण्याने धुवायचे. काही पद्धतींत त्याआधी सात दिवस गोमूत्रात आणि सात दिवस दुधात भिजवतात. काम करणाऱ्याने हाताला आणि तोंडाला खोबरेल किंवा तूप चोळून वर मोजे घालायचे. एवढे करूनही तेल कमी होते, संपत नाही. म्हणून शोधन झालेला बिब्बाही लहान मुले, गर्भवती, वृद्ध, पित्तप्रकृतीचे, रक्तस्राव होणारे आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांना देत नाहीत; इतरांना देतानाही उन्हाळ्यात टाळतात. वापरलेला विटेचा चुरा अंगणात फेकायचा नसतो, खोल पुरायचा असतो. ही साधी गोष्ट शिकवताना हमखास राहून जाते.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, 1945 यांच्या अनुसूची ई(1) मध्ये विषारी द्रव्यांची यादी आहे. तिथे बचनाग, धोत्रा, गुंज, कुचला यांच्या पंगतीत भल्लातक बसलेले आहे. त्यापासून पोटात घेण्याचे तयार औषध बनवले तर वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशा अर्थाची सूचना ठळकपणे छापावी लागते. पण नियमात इंग्रजी आणि हिंदीचाच उल्लेख आहे, मराठीचा नाही. आणि ही सूचना तयार औषधापुरती. काष्ठौषधींच्या किंवा पूजासाहित्याच्या दुकानात कागदाच्या पुडीत मिळणाऱ्या सुट्या बिब्ब्यावर कोणतीच अक्षरे नसतात, आणि घरात येतो तो बहुधा हाच.

तयार औषधांतही एक नाव आवर्जून सांगायला हवे. ताप आणि अपचनावर अनेक घरांत असणाऱ्या संजीवनी वटीत बिब्बा आणि बचनाग दोन्ही असतात. ठरलेल्या मात्रेत, ठरलेल्या दिवसांपुरते वैद्य ती देतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘आयुर्वेदिकच आहे, चालते’ म्हणून महिनोन्महिने घेत राहण्याबद्दल. ज्यांना पूर्वी बिब्बा उतला आहे किंवा आंब्याच्या चिकाने तोंडाभोवती फोड येतात, त्यांनी हे औषध लिहून देणाऱ्याला आधीच सांगावे. शरीर या कुळातल्या द्रव्यांमध्ये फारसा भेद करत नाही. काजूच्या टरफलाचे तेलही याच माळेतले.

बिब्ब्याचे तेल अंगाला लागलेच तर पहिली दहा-पंधरा मिनिटे मोलाची. कोरड्या कापडाने किंवा कागदाने तेल टिपून घ्यावे. चोळू नये, चोळले की ते पसरते. मग वाहत्या पाण्याखाली भरपूर साबणाने धुवावे, नखांच्या खालीसुद्धा. नखांत राहिलेले तेल रात्री झोपेत पापण्यांपर्यंत आणि जननेंद्रियांपर्यंत जाते आणि तिथली कातडी सर्वांत नाजूक. खोबरेल लावण्याची जुनी रीत आहे. हाताला आधी लावून ठेवले तर ते थोडाफार आडोसा करते, हे खरे. पण तेल लागून गेल्यावर खोबरेल चोळले तर बिब्ब्याचे तेल त्यात विरघळून आणखी जागा व्यापते. लावायचेच असेल तर कापसाने लगेच टिपून काढावे आणि नंतर साबण. अंगावरचे कपडे, पंचा, सुरी, पाटा हेही वेगळे काढून साबणाने धुवावे. डोळ्यात उडाले तर पंधरा-वीस मिनिटे साध्या पाण्याची धार आणि तडक डॉक्टर. घरातले काहीही डोळ्यात घालू नये.

फोड आले तर फोडू नयेत. त्यातल्या पाण्याने पुरळ पसरते हा समज चुकीचा आहे, त्या पाण्यात बिब्ब्याचे तेल नसते. नवे चट्टे रोज दिसतात, कारण कुठे तेल कमी लागले, कुठे कातडी जाड, त्यामुळे प्रत्येक जागेची वेळ वेगळी. फोड फुटले तर जंतू शिरतात, म्हणून जपायचे. गार पाण्याच्या घड्या आणि कॅलामाईन यांनी खाज सुसह्य होते. चेहरा, डोळे, तोंड किंवा जननेंद्रिये सुजली, बराच भाग व्यापला, ताप आला किंवा लघवी कमी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि ‘बिब्बा लावला होता’ हे न लाजता सांगावे. पुष्कळ जण ते लपवतात आणि उपचार नागीण किंवा गजकर्ण समजून सुरू होतात. जास्त उतलेल्या रुग्णाला डॉक्टर पोटातून स्टेरॉईड देतात ते बहुधा दोन-तीन आठवडे, हळूहळू मात्रा उतरवत. चार दिवसांत बरे वाटले म्हणून मध्येच सोडले की पुरळ पुन्हा उसळते.

राहिली गोडंबी. ती खावी, चवीला छान असते. विकत घेताना दाणे सारखे, मलईच्या रंगाचे आणि कोरडे पाहावेत. काळा डाग, तेलकट काळपट कड किंवा टरफलाचा कपचा चिकटलेला दाणा बाजूला काढावा, धुऊन वापरू नये. घरी बिब्बे फोडून गोडंबी काढण्याचा हट्ट धरू नये. पाव किलो डिंकाच्या लाडवांना पन्नास ग्रॅम गोडंबी पुरते. ती तुपात मंद आचेवर परतून घ्यावी. पहिल्यांदाच खाणाऱ्याने एक-दोन दाणे खाऊन दोन दिवस थांबावे. जिभेला चुणचुण लागली तर थुंकून टाकावे. काजूची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आणि बाळंतिणीला लाडू करताना तिला अशी अ‍ॅलर्जी असेल तर गोडंबी सरळ गाळावी, लाडवाचे काही बिघडत नाही. बिब्ब्याची वाळलेली फुले खातानाही बिब्ब्याला चिकटलेली बाजू कापून टाकलेली आहे ना, ते पाहावे.

ही पांढरीशुभ्र गोडंबी आपल्यापर्यंत येते ती विदर्भात दगडावर एकेक बिब्बा ठेवून फोडणाऱ्या बायकांच्या हातून. हाताला तेल किंवा राख फासून त्या हे काम करतात आणि तरी बोटे काळी पडतात, सोलतात. वर सांगितलेल्या सगळ्या सूचना ज्यांना सर्वाधिक लागू पडतात, त्यांना जाड मोजे आणि डोळ्यांवर साधा चष्माही मिळत नाही. टरफले तरी त्यांनी आणि कोणीही चुलीत घालू नयेत, एवढे गावोगाव सांगता येईल. धुराबरोबर तेलाचे कण उडतात आणि चेहऱ्यावर, श्वासात जातात.

आपल्याला विनंती दोन गोष्टींची. पाककृतीत गोडंबी आली की खाली एक ओळ छापावी: ‘सोललेली, डाग नसलेली गोडंबीच घ्यावी, बिब्बे घरी फोडू नयेत.’ आणि घरगुती उपायांच्या सदरात बिब्ब्याचे तेल लावण्याचा किंवा पिण्याचा उपाय आला तर तो परत पाठवावा. दुकानदारांनाही सुट्या बिब्ब्याच्या पुडीत मराठीत छापलेली एक चिठ्ठी घालता येईल. तिचा खर्च पुडीच्या कागदाएवढाही नाही.

आणखी एक. दृष्ट लागू नये म्हणून पाळण्याला किंवा बाळाच्या मनगटात काळ्या दोऱ्यात बिब्बा ओवतात. ओवण्यासाठी त्याला भोक पाडलेले असते, म्हणजे तेलाची घरे उघडी झालेली असतात, आणि पाच-सहा महिन्यांचे बाळ हाताला लागेल ते तोंडात घालते. दृष्टीचा दोरा बांधायचाच असेल तर बिब्ब्याशिवाय बांधावा. आधीच बांधलेला असेल तर आज काढावा आणि बाळाचे हात साबणाने धुवावेत.

आपला,
द्रव्यगुण (आयुर्वेदातील औषधी द्रव्यांचे शास्त्र) विषयाचा एक अध्यापक